संस्था काढण्याआधी मैत्रिणीशी करार करा

सप्रेम नमस्कार,

मी आणि माझी मैत्रीण मिळून कापडाच्या पिशव्या शिवून विकतो. मशिनी तिने घेतल्या, सुरुवातीचा पैसा तिचा. शिवणं, ऑर्डरी घेणं, माल पोचवणं हे सगळं मी बघते. नोंदणी कुठेच केलेली नाही. पैसे माझ्या खात्यात येतात आणि महिनाअखेर आम्ही वाटून घेतो. आता मोठ्या ऑर्डरी येऊ लागल्या आहेत. शिवाय गरजू बायकांना शिवणकाम शिकवणारी संस्था काढावी, ही दोघींची जुनी इच्छा आहे. ओळखीच्या एका गृहस्थांनी सुचवलं, ‘धंदा वेगळा कशाला नोंदवता? एकच संस्था काढा. कर वाचेल, देणग्या मिळतील, शिकायला आलेल्या बायका पिशव्या शिवतील आणि त्या विकून संस्था चालेल.’ आमचं बोधचिन्ह एका परिचित चित्रकर्तीने पैसे न घेता, प्रेमाने काढून दिलं आहे. आम्ही नेमकं काय नोंदवावं? आणि मैत्रिणीपुढे लेखी कराराचा विषय काढला तर तिला वाईट वाटेल का?

– एक वाचक

ताई, नमस्कार.

त्या गृहस्थांचा हेतू चांगला असेल, पण त्यांचा सल्ला मानू नका. धंदा आणि संस्था वेगळ्याच ठेवा. त्या दोन्हींच्या आधी एक काम उरकायचं आहे, ते म्हणजे तुम्ही ज्याला घाबरताय तो मैत्रिणीशी लेखी करार. कुठली नोंदणी करायची हे त्यानंतर फारसं अवघड राहत नाही.

तुम्ही कुठल्या देशात राहता हे पत्रात नाही, आणि हे सदर वाचणारे मराठी लोक बऱ्याच देशांत आहेत. फॉर्म, शुल्क, मुदती जागोजागी वेगळ्या असतात. त्या तुमचा वकील किंवा हिशेबनीस सांगेल. पण तुमच्या पत्रातले पेच सगळीकडे सारखेच आहेत, म्हणून मी त्यांच्याबद्दल लिहितो.

‘नोंदणी केलेली नाही’ असं तुम्ही लिहिता, त्यात ‘म्हणजे अजून काही सुरूच झालेलं नाही’ असा एक समज दिसतो. तो खरा नाही. दोघींनी मिळून नफ्यासाठी धंदा चालवायचा आणि नफा वाटून घ्यायचा, एवढं घडलं की बहुतेक देशांचा कायदा तुम्हाला भागीदार मानतो. त्याला कागद लागत नाही, शिक्का लागत नाही, तुमची इच्छाही कुणी विचारत नाही. आणि तुम्ही काही ठरवलं नसेल, तर कायद्याने आधीच ठरवून ठेवलेलं लागू होतं. इंग्लंडचा 1890 चा भागीदारी कायदा घ्या किंवा त्याच धर्तीवरचा भारताचा 1932 चा कायदा घ्या, दोन्हींत नियम तोच: वेगळं ठरलेलं नसेल तर नफा समसमान, तोटाही समसमान, धंद्यात राबल्याबद्दल भागीदाराला वेगळा मोबदला मागता येत नाही, आणि गुंतवलेल्या भांडवलावर व्याजाचा हक्कही आपोआप मिळत नाही.

आता हे तुमच्या दोघींना लावून बघा. उद्या बिनसलं तर तुम्ही म्हणाल, रात्री जागून मी शिवलं, माझा वाटा जास्त हवा. ती म्हणेल, मशिनी माझ्या, पैसा माझा अडकला होता. दोघींचं म्हणणं न्याय्य आहे, आणि दोघींनाही कायदा ‘तसं ठरलं होतं का?’ एवढंच विचारेल. तुम्ही दोघी मनात जो हिशेब धरून चालला आहात, त्यातला एकही कदाचित कोर्टात टिकणार नाही.

त्याहून मोठा धोका देण्यांचा आहे. साध्या भागीदारीत एकीने धंद्यासाठी केलेलं देणं दोघींचं होतं, तेही अर्धं-अर्धं असं नव्हे. मैत्रिणीने मोठ्या ऑर्डरीसाठी उधारीवर कापड उचललं, गिऱ्हाइकाने पैसे बुडवले, तर कापडवाला त्या सगळ्या रकमेसाठी एकट्या तुमच्या दारात उभा राहू शकतो. तुमची बचत, तुमचं घर, सगळं त्या वसुलीच्या टप्प्यात येतं. मग तुम्ही मैत्रिणीकडून तिचा वाटा मागत बसा. मोठ्या ऑर्डरी येऊ लागल्या आहेत म्हणता, म्हणूनच हे आज सांगावंसं वाटतं. छोट्या ऑर्डरींत हा धोका झाकला जातो.

म्हणजे करार हा मैत्रिणीवरचा अविश्वास नाही, तिचंही घर त्यानेच वाचणार आहे. तिच्यापुढे विषय तसाच काढा: ‘तुझ्या मशिनींचं काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नाही, मला त्याची काळजी वाटते.’ तिच्या बाजूपासून सुरुवात केली की बोलणं सोपं होतं.

माझी एक सूचना आहे. वकिलाकडे जाण्याआधी दोघींनी वेगवेगळ्या बसून, एकमेकींचं न बघता, पुढच्या प्रश्नांची उत्तरं मराठीत लिहून काढा. मशिनींचा पैसा कर्ज म्हणून दिला, भांडवल म्हणून घातला, की मशिनी अजून तिच्याच मालकीच्या आहेत आणि आपण फक्त वापरतो? माझ्या कामाचे दरमहा किती? नफा त्यानंतर वाटायचा की आधी? एकटीच्या सहीने किती रकमेपर्यंतचा व्यवहार करता येईल? एकीला थांबायचं असेल तर तिच्या वाट्याची किंमत कशी काढायची आणि किती हप्त्यांत द्यायची? नाव आणि गिऱ्हाइकं कुणाकडे राहणार? एक जण गेली, तर तिच्या घरच्यांना काय मिळणार? मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथे उत्तरं जुळतात तिथे वकिलाला फारसं काम नाही. जिथे जुळत नाहीत तिथे उद्याचं भांडण आहे, आणि ते आज चहाच्या टेबलावर मिटवणं शक्य आहे.

या सगळ्यांत बाहेर पडण्याचं कलम सर्वांत महत्त्वाचं, असं माझं ठाम मत आहे. लोक नफ्याच्या टक्केवारीवर तासन्‌तास घालवतात आणि ‘थांबायचं झालं तर’ हा प्रश्न अशुभ म्हणून टाळतात. साध्या भागीदारीत, वेगळं ठरलेलं नसेल तर, एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारीच संपते. चालता धंदा मोडून हिशेब करायची वेळ घरच्यांवर येते, तीही ऐन दुःखात. दोन ओळींचं कलम हे टाळू शकतं.

आता नोंदणीकडे येऊ. धंदा वाढतोय, उधारीचे व्यवहार होणार, म्हणून तुम्ही मर्यादित जबाबदारी असलेला, म्हणजे धंद्याचं देणं सहसा तुमच्या घरादारावर न येणारा, एखादा प्रकार घ्यावा असं मला वाटतं, मग ती कंपनी असो की तुमच्या देशात मिळणारी मर्यादित जबाबदारीची भागीदारी. त्यामागचं तत्त्व समजायला लंडनच्या एका बूट बनवणाऱ्याचा खटला उपयोगी पडतो.

अ‍ॅरन सॅलोमन यांचा चामड्याच्या बुटांचा स्वतःचा धंदा होता. 1892 मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि आपला धंदा तिला विकला. कंपनीचे 20,007 शेअर वाटले गेले. त्यांतले 20,001 त्यांचे, आणि उरलेले सहा पत्नी आणि पाच मुलांच्या नावे एकेक. शिवाय विक्रीच्या किमतीपैकी काही रक्कम कंपनीने त्यांना द्यायची, असं तारणाचं कर्जही त्यांनी लिहून घेतलं. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली. कंपनीकडून पैसे येणं असलेल्यांच्या बाजूने म्हणणं आलं की ही कंपनी नुसतं सोंग आहे, मालक तोच माणूस, त्याच्याकडून वसूल करा. खालच्या कोर्टांना ते पटलं. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, मात्र एकमताने उलट निकाल दिला: कायद्याने सांगितलेल्या रीतीने कंपनी स्थापन झाली की ती वेगळी व्यक्ती आहे, तिचं देणं ते तिचं, सॅलोमन यांचं नव्हे. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल 1897 चा म्हणून ओळखला जातो आणि ब्रिटिश कायद्याची परंपरा असलेल्या देशांत आजही कंपनी कायद्याचा पाया मानला जातो.

लोक या निकालातला फायदा तेवढा लक्षात ठेवतात. पण कंपनी वेगळी व्यक्ती असेल, तर तिचे पैसेही तुमचे राहत नाहीत. कंपनीच्या खात्यातून घरचं वीजबिल भरलं, किराणा भरला, मुलाची फी भरली, तर तुम्ही दुसऱ्याच्या खिशात हात घातला असं होतं. हे सर्रास चालत असेल तर काही देशांची कोर्टं कंपनीचा पडदा बाजूला करून थेट मालकापर्यंत पोचतात. म्हणून धंद्याचं स्वतंत्र खातं उघडणं, ही मी तुम्हाला सांगितलेली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत तातडीची गोष्ट समजा. ते खातं नोंदणी होईपर्यंत थांबवू नका. बँकेला नोंदणीचा कागद हवा असेल, तर तोवर तुमच्याच नावाचं दुसरं खातं फक्त धंद्यासाठी ठेवा आणि मैत्रिणीला त्याचे व्यवहार दिसतील अशी सोय करा. आज सगळा धंदा तुमच्या वैयक्तिक खात्यातून चालतो, म्हणजे कर विभागही ते सगळं तुमचंच उत्पन्न समजू शकतं. हा भार तुम्ही विनाकारण एकटीने उचलताय.

सहीबद्दल दोन शब्द. कंपनी झाल्यावर करारावर नुसती तुमची सही करू नका. वर कंपनीचं पूर्ण नाव, ‘करिता’, खाली सही आणि सहीखाली ‘संचालक’. ही एक ओळ राहिली म्हणून करार व्यक्तीने केला की कंपनीने, असे वाद कोर्टापर्यंत गेले आहेत. आणि बँकेने किंवा जागामालकाने वैयक्तिक हमीचा कागद पुढे केला, तर त्यावर सही केल्याक्षणी त्या देण्यापुरती मर्यादित जबाबदारी संपली हे जाणून सही करा. छोट्या कंपनीला कर्ज हवं तर बऱ्याचदा ती द्यावीच लागते. निदान हमीची रक्कम आणि मुदत मर्यादित ठेवायचा आग्रह धरा, आणि मैत्रिणीनेही तेवढीच हमी द्यावी हे करारात घाला.

आता संस्था. हा भाग जरा कठोर वाटेल, पण तुमच्या इच्छेबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो.

संस्थेला मालक नसतो. तुम्ही काढाल, नाव ठेवाल, वर्षानुवर्षं झिजाल, तरी ती तुमची होणार नाही. तिच्याकडे शिल्लक उरू शकते, उरायलाही हवी. ती तुम्हाला वाटून घेता येत नाही. कामाचा वाजवी पगार बऱ्याच ठिकाणी घेता येतो, पण तो विश्वस्तांनी रीतसर ठरवलेला हवा, आणि काही देशांत विश्वस्ताला पगारच घेता येत नाही. संस्था बंद झाली तर मशिनी घरी नेता येत नाहीत. साधारणपणे त्या तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेला जातात. विश्वस्त मंडळाने बहुमताने तुम्हाला बाजूला केलं, तर संस्थापक म्हणून विशेष हक्क उरेलच असं नाही. करसवलत मिळते ती याच बंधनांच्या बदल्यात. धंदा संस्थेत घातलात, तर जो धंदा तुम्हा दोघींची रोजीरोटी आहे तो तुम्ही कायमचा देऊन टाकलात. मैत्रिणीच्या मशिनींसकट. हे तिला कुणी सांगितलंय का?

शिकणाऱ्या बायकांनी शिवायचं आणि माल विकून संस्था चालवायची, या कल्पनेत आणखी एक पेच आहे. अमेरिकेत टोनी अँड सुझन अलामो फाउंडेशन नावाची नफा न वाटणारी धार्मिक संस्था पेट्रोल पंप, कपड्यांची दुकानं, बांधकामाची कामं असे धंदे चालवत होती. तिथे राबणाऱ्यांत बरेच जण व्यसनातून, गुन्हेगारीतून बाहेर पडलेले होते. त्यांना पगार नव्हता. जेवण, कपडे, निवारा मिळायचा. गंमत अशी की त्यांनी स्वतः कोर्टात सांगितलं, आम्ही स्वयंसेवक आहोत, आम्हाला पगार नको. तरी 1985 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने ठरवलं की हे कर्मचारी आहेत आणि किमान वेतनाचा कायदा लागू होतो. जेवणखाण आणि निवारा हे वेतनाचंच दुसरं रूप आहे, आणि फुकट मजुरीवर चालणारा धंदा बाजारात पगार देणाऱ्या इतरांवरही अन्याय करतो, हे त्यामागचं कारण.

निकाल अमेरिकेचा असला तरी कोर्टं सगळीकडे हल्ली नावाकडे कमी आणि प्रत्यक्षाकडे जास्त बघतात. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये उबरच्या चालकांबाबत तेच केलं: करारात काहीही लिहिलेलं असो, काम कसं चालतं, भाडं कोण ठरवतं, हुकूम कुणाचा, यावर ते कामगार ठरले. तुमच्याकडची बाई शिकताना दोन पिशव्या शिवते ते शिक्षण. ती रोज ठरलेल्या वेळी येते, ऑर्डरीचा माल शिवते, तो विकला जातो आणि तिला ‘मानधन’ मिळतं, तेव्हा ती कामगार होण्याच्या फार जवळ पोचलेली असते. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी ज्या गरजू बाईसाठी तुम्ही हे उभं करताय, तिच्या कष्टाचे पैसे तिला मिळायलाच हवेत ना?

मग दोन्ही कसं जमवायचं? कंपनी पिशव्या विकेल. संस्था शिकवेल. शिकून तयार झालेल्या बायकांना कंपनी रीतसर पगारावर किंवा नगावर काम देईल आणि नफ्यातून संस्थेला देणगी देईल. मशिनी संस्थेला वापरायला दिल्या, तर भाडं आकारा किंवा फुकट द्या, पण एका पानाचा करार हवा. संस्थेच्या विश्वस्त मंडळावर तुम्हा दोघींखेरीज निदान तीन बाहेरची माणसं घ्या, आणि तीही होकाराला मान डोलावणारी नकोत. कंपनी आणि संस्था यांच्यातला कुठलाही व्यवहार ठरवताना तुम्ही दोघी हितसंबंध जाहीर करा, मतदानाला बसू नका, आणि हे सगळं इतिवृत्तात लिहिलं जाऊ द्या. पाच वर्षांनी कुणी बोट दाखवलं तर तेच पान तुमच्या बाजूने बोलेल.

मला विचाराल तर संस्थेची नोंदणी वर्षभर लांबवा. आधी कंपनीतर्फे किंवा चांगल्या चाललेल्या एखाद्या संस्थेबरोबर मिळून दोन-तीन वर्ग घेऊन बघा. दरवर्षीचे हिशेब, तपासणी, विवरणपत्रं यांचं ओझं फार असतं, आणि कागद न भरल्यामुळे अडकलेली संस्था बंद करणं हे सुरू करण्याहून किचकट असतं.

बोधचिन्हाची गोष्ट तुम्ही सहज लिहिलीत, पण तिच्यावर मी थांबणार आहे. 1985 मध्ये वॉशिंग्टनमधल्या बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने, कम्युनिटी फॉर क्रिएटिव्ह नॉन-व्हायोलन्सने, जेम्स अर्ल रीड या शिल्पकाराकडून एका बेघर कुटुंबाचं शिल्प घडवून घेतलं. साहित्याच्या खर्चाला जास्तीत जास्त 15,000 डॉलर, आणि स्वतःची मेहनत रीड यांनी दान केली. लेखी करार नव्हता, हक्कांचा विषय कुणी काढलाच नाही. पुढे संस्थेला शिल्प गावोगावी फिरवायचं होतं. रीड म्हणाले, ते प्रवासात टिकणार नाही. दोघांनीही स्वतःच्या नावावर कॉपीराइटची नोंद करायला धाव घेतली. 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की रीड संस्थेचे कर्मचारी नव्हते, म्हणून पैसे देऊन घडवून घेतलं एवढ्याने कॉपीराइट संस्थेचा होत नाही. शिल्प ही दोघांची संयुक्त निर्मिती आहे का, हा प्रश्न तरी उरलाच. दोन्ही बाजू भल्या, हेतू भला, आणि तरी काही वर्षं कोर्टात गेली.

तुमच्या चित्रकर्तीचंही तसंच आहे. कॉपीराइट निर्मितीबरोबर आपोआप जन्माला येतो. बर्न करार या कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या 1908 च्या सुधारणेतून आलेलं हे तत्त्व आज बहुतेक सगळे देश पाळतात. तिने चित्र दिलं, पण त्यावरचे हक्क तिने लिहून दिलेले नसतील तर सहसा ते तिच्याकडेच आहेत. तिला भेटा, थोडे तरी पैसे द्या, आणि हक्क कंपनीच्या नावे करून देणाऱ्या कागदावर सही घ्या. संस्थेनेही तेच चिन्ह वापरायचं असेल तर कंपनीने तिला वापराची लेखी परवानगी द्यायची. आणि हो, कंपनीचं नाव नोंदलं म्हणजे व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) मिळालं असं नाही. ती दोन वेगळी दप्तरं आहेत. पिशव्यांवर हजारो वेळा नाव छापण्याआधी व्यापारचिन्हांच्या यादीत तसंच नाव आधीपासून नाही ना, हे बघून घ्या.

काही गोष्टी थोडक्यात. पगारातून कापलेला कर आणि विक्रीवर गोळा केलेला कर हा तुमचा पैसा नसतो. अडचणीच्या महिन्यात तो वापरून टाकणाऱ्या संचालकांवर अनेक देशांत वैयक्तिक जबाबदारी येते. देणगीदाराने ‘मशिनींसाठी’ म्हणून पैसे दिले तर ते भाड्यात खर्चू नका. आधी त्याला विचारा, लेखी होकार घ्या. शिकायला येणाऱ्या बायकांचे फोटो, त्यांची कहाणी, फोन नंबर परवानगीशिवाय कुठेही टाकू नका. देणगीसाठी बाईचं दुःख दाखवायची घाई फार होते, आणि ती त्या बाईला महागात पडू शकते.

वकिलाकडे जाताना दोघी मिळून जा. एकटीने गेलात तर तो तुमचा वकील होईल, तिचा नाही, आणि हे तिला नंतर कळणं वाईट. तो दोघींच्या वतीने काम करणार आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. जमत नाही म्हणाला तर तिने करार स्वतःच्या वकिलाला दाखवावा, त्याचे पैसे धंद्यातून द्या. सोबत ते दोन हाताने लिहिलेले कागद, मशिनींच्या पावत्या, गेल्या वर्षाचे बँकेचे उतारे आणि सध्याच्या सर्वांत मोठ्या ऑर्डरीचा कागद घ्या. ती ऑर्डर अजून तोंडीच असेल, तर या आठवड्यात गिऱ्हाइकाला नग, दर, तारीख आणि आगाऊ रक्कम लिहून पाठवा आणि त्याचा होकार येईपर्यंत कापड उचलू नका.